वारशाला जागणे म्हणजे काय? ख्रिस्ती धर्मातला एक जुना प्रश्न

यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा यहुदी संदेष्टा बाप्तिस्मा देत होता. त्याच्याकडे येणाऱ्यांत धर्मशास्त्र कोळून प्यालेली, समाजात मान असलेली माणसेही होती. त्यांना त्याने सुनावले, की ‘अब्राहाम (यहुद्यांचा मूळपुरुष) आमचा पिता आहे’ असे मनात म्हणून निश्चिंत राहू नका. देव या दगडांतूनही अब्राहामासाठी मुले उभी करू शकतो. येशूने तेव्हा लोकांसमोर बोलायला सुरुवातही केलेली नव्हती. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, वारशाबद्दलचा इशारा इतक्या लवकर येतो, आणि तो घरच्या माणसांनाच दिलेला आहे.

पुढच्या जवळजवळ दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी हा इशारा पुष्कळदा वाचला, आणि तो दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असे धरून पुष्कळदा पुढे गेले. म्हणून तो नेमके काय म्हणतो ते सावकाश पाहू या.

‘वारसा’ म्हणताना ख्रिस्ती माणसाच्या मनात बरेच काही असते. सगळ्यांत मागे अब्राहाम, ज्याला बायबल विश्वासणाऱ्यांचा पिता मानते. मग संदेष्टे, प्रेषित, पहिल्या शतकांतले हुतात्मे, संत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या मानतात, की डोक्यावर हात ठेवण्याच्या विधीतून बिशपांची परंपरा थेट प्रेषितांपासून अखंड चालत आली आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचे आणि तिने पुन्हा उघडून दिलेल्या शास्त्राचे नाव घेतात. शिवाय ज्याचे त्याचे घर असतेच. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास नावानिशी आठवतो. पण लगेच पुढे सांगतो, की तुझ्यात असलेले देवाचे दान पुन्हा पेटव. आजीचा विश्वास खरा होता, आईचाही खरा होता. तरी नातवाच्या पदरात विस्तव आपोआप पेटता राहत नाही, हे पौलाला पक्के ठाऊक होते.

कृपा फुकट, मग कसोटी कसली?

खरी गुंतागुंत इथे आहे. देवाशी नाते कमवून मिळत नाही, ते कृपेने मिळते, हा ख्रिस्ती शिकवणीचा गाभा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्पष्ट म्हणतो, की तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आहात आणि वचनाप्रमाणे वारसही आहात. त्यासाठी रक्ताचे नाते लागत नाही आणि पदरी पुण्याईही लागत नाही. मग वारशाला कोण जागला आणि कोण नाही, हा हिशेब कशाला मांडायचा?

याचे उत्तर पौलाच्याच दत्तकाच्या दाखल्यात सापडते. रोमी कायद्यात दत्तक घेतलेल्याला वारसाचे पूर्ण हक्क मिळत. नाव, घर, मालमत्ता, सगळे त्याचे होई, आणि त्यात त्याची स्वतःची कमाई काहीच नसे. पण त्या घराची रीत अंगी बाणायला वेळ लागतो, आणि ती बाणली की नाही हे चारचौघांना दिसते. कृपा नाव देते. त्या नावाचा माणूस कसा जगतो, हा त्यानंतर येणारा प्रश्न. कसोटीतून नाते मिळत नाही, नाते रुजले की नाही एवढे कळते. याकोबाचे पत्र म्हणते, की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, आणि दाखला देते तोही अब्राहामाचाच. पौल आणि याकोब यांचा मेळ कसा घालायचा यावर कॅथलिक आणि लुथरन (सुधारक मार्टिन लूथरची परंपरा मानणारे प्रॉटेस्टंट) साडेचारशे वर्षांहून अधिक काळ भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे दोघांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देवाकडून माणसाचा स्वीकार केवळ कृपेने होतो, आणि तीच कृपा माणसाला सत्कृत्यांसाठी बळ देते, असे त्यात मान्य केले. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण या मुद्द्यावर दोन्ही बाजू कुठे एकत्र उभ्या आहेत ते कागदावर आले.

योहानाच्या (हा बाप्तिस्मा देणारा योहान नव्हे) शुभवर्तमानातल्या ८व्या अध्यायात येशू समोरच्या लोकांना म्हणतो, तुम्ही अब्राहामाच्या वंशातले आहात हे मला माहीत आहे. त्यानंतर दोनच ओळींनी म्हणतो, तुम्ही अब्राहामाची मुले असता तर अब्राहामाने केली तशी कृत्ये केली असती. वंश त्याने नाकारला नाही. वंशावळ खरी असूनही तिच्या आधारे केलेला दावा पोकळ असू शकतो, एवढेच त्याने दाखवून दिले.

लूक अब्राहामाचे नाव कुठे कुठे घेतो

हा विषय सगळ्यांत उत्तम उलगडला आहे तो शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने, असे माझे मत आहे. यार्देनकाठी योहानाचे ते कडक बोलणे झाल्यावर लोक विचारतात, मग आम्ही करायचे तरी काय? योहानाची उत्तरे इतकी साधी आहेत की वाचताना चकित व्हायला होते. दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्या. जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त उकळू नये. शिपायांनी कुणाला धाक दाखवून लुबाडू नये, पगारात समाधान मानावे. उपासतापास, यात्रा, दीर्घ प्रार्थना यांपैकी इथे एकही नाही. जो ज्या कामावर आहे तिथेच त्याला धरले आहे.

हीच गोष्ट १९व्या अध्यायात एका माणसाच्या रूपाने समोर येते. जक्कय हा मुख्य जकातदार, म्हणजे योहानाने ज्यांना ताकीद दिली त्यांचा वरिष्ठ. गावाच्या लेखी तो अब्राहामाच्या लेकरांतून बाद झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाकडून अन्यायाने काही घेतले असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण लाभले, कारण हाही अब्राहामाचा पुत्र आहे. क्रम पाहा. आधी येशू त्याच्या दारी आला, मग जक्कयाची मूठ सुटली, आणि मग सगळ्यांसमोर त्याला त्याचे जुने नाव परत मिळाले.

या दोन्हींच्या मध्ये, १६व्या अध्यायात, श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आहे. श्रीमंताच्या दाराशी लाजर फोडांनी भरलेला पडून असे. दोघेही मरतात. यातना भोगणारा श्रीमंत वर पाहून हाक मारतो, ‘हे बापा अब्राहामा.’ अब्राहामही त्याला ‘मुला’ म्हणूनच उत्तर देतो. नाते तिथेही कुणी तोडत नाही. पण मध्ये मोठी दरी आहे आणि त्या नात्याने ती भरून येत नाही. लाजर या दाखल्यात एक शब्दही बोलत नाही, अब्राहामाचे नाव एकदाही घेत नाही, आणि अब्राहामाच्या उराशी बसलेला आहे तोच. हा दाखला ज्या ख्रिस्ती माणसाच्या अंगावर काटा आणत नाही, त्याने तो पुन्हा एकदा वाचावा, असे मला मनापासून वाटते.

मेलेल्या संदेष्ट्यांचा मान

मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशू आणखी एका गोष्टीवर बोट ठेवतो. शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपंडित आणि नियमनिष्ठ पंथाचे लोक, संदेष्ट्यांच्या कबरी बांधत, नीतिमानांची थडगी सजवत, आणि म्हणत, आम्ही पूर्वजांच्या काळात असतो तर संदेष्ट्यांच्या रक्तपातात सामील झालो नसतो. येशूला हे बोलणेच संशयास्पद वाटते.

का, ते समजायला फार दूर जावे लागत नाही. मेलेला संदेष्टा प्रश्न विचारत नाही. संदेष्टा यिर्मया जिवंत असताना मंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, की ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असा घोष करून तुम्ही वाचणार नाही. परक्याला, अनाथाला, विधवेला छळू नका. पुढे त्याला विहिरीच्या चिखलात सोडण्यात आले. नंतरच्या पिढ्यांना त्याच यिर्मयाचा अभिमान वाटू लागला. दरम्यान त्याचे शब्द बदलले नव्हते. ज्यांना ते झोंबले ती माणसे तेवढी गेली होती. संतांचे सण, संस्थापकांच्या जयंत्या, चर्चची शताब्दी या सगळ्यात हा धोका कायम असतो. सोहळा वाईट नसतो. पण ज्यांचा सोहळा करतो ते आज येऊन बोलू लागले तर त्यांना आपण ऐकू का, हे सोहळ्यात कुणी विचारत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. ही वचने पुढे ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांविरुद्ध वापरली, आणि तो या वचनांचा मोठा विपर्यास होता. योहान यहुदी, येशू यहुदी, यिर्मयाही यहुदी. ते आपल्याच लोकांशी बोलत होते. पौलाने तर रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात इतर राष्ट्रांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना आधीच बजावले होते: तुम्ही रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी आहात, मूळ तुम्हाला धरून आहे, मुळाला तुम्ही नाही, म्हणून फुशारकी मारू नका. ‘ते वारशाला मुकले, आम्ही खरे वारस’ असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस यार्देनकाठच्या त्याच रांगेत उभा असतो.

एकाच काळातले दोन वारस

१९३३ हे मार्टिन लूथरच्या जन्माचे ४५०वे वर्ष. जर्मनीत सत्ता नुकतीच नाझींच्या हाती गेली होती. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाची चळवळ लूथरचे नाव घेत मंडळीचे नाझीकरण करू लागली. यहुदी वंशाचे पाळक आणि चर्चचे कर्मचारी यांना काढून टाकणारा नियम त्या सप्टेंबरात प्रशियाच्या मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळीने स्वीकारला. जिथे प्रवेश केवळ बाप्तिस्म्याने होतो त्या मंडळीत आजी-आजोबांचे रक्त विचारले जाऊ लागले. ते सिद्ध करायला लोक चर्चच्याच बाप्तिस्मा-नोंदवह्यांतून दाखले काढत. कृपेची नोंद असलेली वही वंशाचा पुरावा झाली. वारशाची याहून मोठी विटंबना मला माहीत नाही. मार्टिन नीम्योलर आणि इतर पाळकांनी विरोधासाठी संघटना उभी केली, मे १९३४ मध्ये मंडळीवरचा नाझी विचारांचा ताबा नाकारणारी बार्मेनची घोषणा झाली. पण हे लोक अल्पसंख्य राहिले.

त्याच काळात दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावर ल शाँबों-स्यूर-लिन्यों हे गाव होते. तिथले बहुतेक लोक ह्यूगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंटांचे वंशज. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा फतवा रद्द केल्यावर त्यांच्या पूर्वजांची उपासना बेकायदा ठरली. पाळकांना फाशी झाली, पुरुषांना जहाजांवर वल्ही मारायला जुंपले, सभा रानात लपून भरू लागल्या. मारी द्यूराँ ही तरुण मुलगी १७३० मध्ये एग्-मोर्तच्या बुरुजात कोंडली गेली, कारण तिचा भाऊ उपदेशक होता. विश्वास सोडला असता तर सुटका झाली असती. ती ३८ वर्षांनी, १७६८ मध्ये बाहेर आली. त्या बुरुजातल्या दगडावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे, आणि तो तिनेच कोरला असे मानतात.

या कथा पठारावरच्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात. नुसत्या कथा राहिल्या असत्या तर त्यांचेही थडगे सजले असते. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस यांनी मंडळीला सांगितले, की आपल्या विवेकावर होणाऱ्या जबरदस्तीला आत्म्याच्या शस्त्रांनी तोंड देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. मग जीव वाचवून पळालेले यहुदी येऊ लागले, आणि शेतघरांत, वसतिगृहांत, शाळेत त्यांना जागा मिळू लागली. १९४२ च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांनी यहुद्यांची माहिती मागितली तेव्हा त्रोक्मे म्हणाले, यहुदी म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही, आम्ही फक्त माणसे ओळखतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन्ही पाळकांना अटक झाली. त्रोक्मेंचा नातेवाईक दानिएल त्याच्या देखरेखीखालच्या विद्यार्थ्यांसोबत पकडला गेला आणि १९४४ मध्ये नाझींच्या मायदानेक छावणीत मेला. या कामात पठारावरचे कॅथलिक आणि इतर पंथांचे लोकही होते. १९९० मध्ये यहुद्यांच्या हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या परिसरातल्या लोकांचा सामूहिक गौरव केला.

इथे काय घडले? या लोकांनी पूर्वजांचा पंथ जपला, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की दारात उभ्या असलेल्या, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या माणसात त्यांना आपले पूर्वज ओळखता आले. रानात लपलेली पणजी आणि दारात थरथरत उभी असलेली अनोळखी बाई यांच्यात त्यांनी फरक केला नाही. जर्मनीत वारसा ‘आत कोण आणि बाहेर कोण’ हे ठरवायला वापरला गेला. इथे त्याने दार उघडले.

उशिरा जागलेली मंडळी

सगळेच काही असे वेळेवर जागे होत नाहीत. क्वेकर या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विवेकासाठी तुरुंग भोगले. त्यातले काही पेनसिल्व्हेनियात आले आणि गुलाम बाळगू लागले. वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्याकडेही गुलाम होते. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चार जणांनी निषेधाचा अर्ज लिहिला. त्यातला युक्तिवाद सरळ होता: युरोपात पुष्कळ जण विवेकासाठी छळले जातात, इथे काळ्या रंगाची माणसे छळली जातात, आणि इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, अशी तर आपली शिकवण आहे. अर्ज एका सभेकडून वरच्या सभेकडे जात राहिला. विषय आमच्यासाठी फार जड आहे, असे म्हणत प्रत्येकाने तो पुढे ढकलला आणि शेवटी तो बाजूला पडला.

पुढच्या शतकात जॉन वूलमन हा तरुण एका दुकानात कामाला होता. मालकाने एका काळ्या स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. घेणारा म्हातारा क्वेकरच होता. वूलमनने ते लिहिले, पण दोघांसमोर म्हणाला, की गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. त्यानंतर दुसरे असे काम आले तेव्हा त्याने नकार दिला. पुढे तो घरोघर फिरून क्वेकर मालकांशी शांतपणे बोलत राहिला, आणि त्यांच्या घरी उतरला तर गुलामांच्या सेवेचे पैसे देऊ लागला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली. पहिल्या अर्जानंतर ८८ वर्षांनी. वूलमन तोवर वारला होता.

म्हणून वारशाला जागणे याचा अर्थ पूर्वजांसारखे हुबेहूब वागणे असा होऊ शकत नाही. वूलमनने क्वेकरांचे मूळ तत्त्व धरले आणि त्याच जोरावर क्वेकर पूर्वजांना चूक ठरवले. लूथरच्या बाबतीतही हेच करावे लागले. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध अत्यंत विखारी लिखाण केले होते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चने ते लिखाण उघडपणे नाकारले आणि यहुदी समाजाकडे खेद व्यक्त केला. लूथरचे नाव लावत राहणाऱ्यांनीच हे करणे योग्य होते.

मिळालेल्या घरावर कर्ज असेल तर घर माझे आणि कर्ज आजोबांचे असे म्हणता येत नाही. मंडळीचेही तसेच आहे. बापाच्या पापाचा दोष मुलावर येत नाही, असे संदेष्टा यहेज्केल ठासून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण बायबलमधले दानीएल आणि नहेम्या प्रार्थनेला उभे राहतात तेव्हा ‘आम्ही आणि आमच्या पूर्वजांनी’ असे म्हणून कबुली देतात. अमेरिकेतल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १८३८ मध्ये २७२ गुलाम विकायचा व्यवहार केला आणि त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउनच्या शिक्षणसंस्थेचे कर्ज फेडायला गेला. २०१७ मध्ये जेझुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली, २०२१ मध्ये त्यांच्यासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. हे पुरेसे आहे का, हे ठरवण्याचा अधिकार वंशजांचा. पण ‘तेव्हा आम्ही नव्हतो’ असे म्हणून हात झटकण्यापेक्षा हे अब्राहामाच्या मुलांना अधिक शोभणारे आहे.

इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय विश्वासाच्या पूर्वजांची लांबलचक यादी देतो. त्यात राहाब वेश्या आहे, मोहाला बळी पडलेला शमशोन आहे. कुणाला धुऊन-पुसून बसवलेले नाही. शेवटी लेखक म्हणतो, की या सगळ्यांना वचनाचे फळ मिळाले नाही, कारण आपल्यावाचून त्यांनी पूर्ण होऊ नये अशी देवाची योजना होती. म्हणजे पूर्वजांचे काम अर्धे पडलेले आहे आणि ते आपल्या हाती आहे.

हे ध्यानात घेतले की एका नेहमीच्या तक्रारीकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. नवी पिढी चर्चला येत नाही, वारसा सोडून चालली, असे मोठी माणसे दुःखाने म्हणतात. ज्या मंडळ्यांत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तिथे मूल काहीच कबूल करत नाही. आईवडील आणि धर्म-मातापिता वचन देतात, आणि अनेक ठिकाणी सगळी मंडळी उभी राहून वचन देते, की या मुलाला ख्रिस्ताच्या मार्गात वाढवायला आम्ही हातभार लावू. ते वचन मुलाने दिलेले नाही. घर सोडून गेलेल्या मुलाला जाब विचारण्याआधी, त्याने आमच्यात नेमके काय पाहिले, हे त्या दिवशी उभे राहिलेल्या मोठ्यांनी एकमेकांना विचारायला हवे.